सोंग आणि ढोंग

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ६



आजचा श्लोक दोनच ओळींचा, पण टोचणारा आहे. भगवान म्हणतात, जो माणूस हात, पाय, वाणी ही कर्मेंद्रियं बाहेरून आवरून बसतो आणि मनात मात्र विषयच घोळवत राहतो, तो मूढ आहे. अशा माणसाला ते शब्द वापरतात ‘मिथ्याचार’. ज्याचं वागणंच खोटं आहे असा. घरगुती मराठीत सांगायचं तर ढोंगी.

हा श्लोक वाचला की आपल्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो. कारण आपलं अर्धंअधिक जगणं वेगवेगळ्या भूमिकांत चाललेलं असतं. सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून मनातल्या मनात शिव्या घालायच्या आणि नऊच्या स्टँडअपला कॅमेरा ऑन करून ‘गुड मॉर्निंग टीम’ म्हणायचं. सासरी एक आवाज, माहेरी दुसरा. सोसायटीच्या गणपतीत आरतीला टाळ्या वाजवायच्या आणि डोक्यात मात्र उद्याची डेडलाइन. मग भगवंतांनी ज्याला मिथ्याचार म्हटलं, तो मीच का?

आमच्या रावेतमध्ये शनिवारी संध्याकाळी काही जण जमून गीतेचा एकेक श्लोक वाचतो. गेल्या आठवड्यात हा श्लोक झाल्यावर एक मुलगा मागे थांबला. वय असेल सव्वीस-सत्तावीस. त्याचे वडील इथल्याच एका कारखान्यात आयुष्यभर नोकरी करून मागच्या वर्षी गेले. ते रोज संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ म्हणायचे. हा तेव्हा आतल्या खोलीत हेडफोन लावून बसलेला असायचा. वडील गेल्यावर घरात ती वेळ इतकी सुनी वाटायला लागली की आईने संध्याकाळचं बोलणंच सोडलं. एक दिवस यानेच पोथी उघडली आणि वडिलांच्या चालीवर म्हणायला सुरुवात केली. आता रोज म्हणतो. आई स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, पण गॅस बारीक करते. म्हणजे ती ऐकते.

तो मला म्हणाला, “ताई, मला आत काहीच वाटत नाही. देव आहे की नाही हेही मला धड माहीत नाही. मी बाबांची नक्कल करतो. आईला बरं वाटावं म्हणून रोज वीस-पंचवीस मिनिटं नाटक करतो. हा श्लोक माझ्याबद्दलच आहे ना? मग बंद करू का?”

प्रश्न साधा नाही. ‘छे रे, देव सगळं समजून घेतो’ असं म्हणून पाठीवर थाप मारली असती तर तो हसून निघून गेला असता आणि दोन-चार महिन्यांनी पोथी कपाटात गेली असती. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आपल्या भाषेत दोन शब्द शेजारी शेजारी राहतात. सोंग आणि ढोंग. कानाला जुळे भाऊ वाटतात, पण लोकांनी त्यांना कधी एका ताटात जेवू घातलेलं नाही. सोंग ‘घेतात’, सोंग ‘वठवतात’, आणि ते छान वठलं तर बघणारे दाद देतात. ढोंग ‘करतात’, आणि ते ‘उघडं पडतं’. बहुरूपी दारात पोलिसाचा वेश करून आला तर आपण त्याला तोतया म्हणत नाही, हसून दहा रुपये देतो. कारण त्याने आपल्याला फसवलेलं नसतं, आपल्याला सामील करून घेतलेलं असतं. ढोंगात समोरच्याच्या खिशावर नाहीतर त्याच्या आदरावर डोळा असतो.

आणि सोंग तर आपल्या संतांनी किती घेतली! पैठणच्या एकनाथ महाराजांची भारुडं बघा. सोळाव्या शतकातला विद्वान ब्राह्मण, भागवतावर टीका लिहिणारा. त्याने कोणत्या आवाजात बोलावं अशी लोकांची अपेक्षा असेल? आणि नाथ कोणाच्या तोंडून बोलतात? महाराच्या, गोंधळ्याच्या, वासुदेवाच्या, जोशाच्या, आंधळ्याच्या, मुक्याच्या. ज्यांना पंडितांच्या सभेत कोणी बसू दिलं नसतं, त्यांचं सोंग घेऊन त्यांनी वेदान्त सांगितला. आजही कीर्तना-जागरात भारुड उभं राहतं तेव्हा कोणीतरी बाप्या डोक्यावर पदर घेतो, विंचू चावल्यासारखा नाचतो, लोक पोट धरून हसतात आणि हसता हसता गप्प होतात. या सोंगाला मिथ्याचार म्हणायची कोणाची हिंमत आहे?

आता आपल्या शेजारची गोष्ट. रावेतहून देहू म्हणजे गाडीवर अर्ध्या तासाचा रस्ता. दर वर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघते, निगडीवरून येऊन आकुर्डीत मुक्काम करते, आणि आपण भक्ती-शक्ती चौकात मोबाईल उंच धरून उभे असतो. या देहूच्या तुकोबांवर पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ हा चित्रपट काढला. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे ना, लॉ कॉलेज रोडला, तोच प्रभातचा स्टुडिओ. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला नसणार. ब्लॅक अँड व्हाइट म्हटलं की आपण पुढे सरकवतो. एकदा बघाच.

तुकोबांची भूमिका केली विष्णुपंत पागनीस यांनी. आता गंमत ऐका. पागनीस रंगभूमीवर ओळखले जात ते स्त्रीभूमिकांसाठी. त्या काळात नाटकात बायकांची कामं पुरुष करत, बालगंधर्वांचं नाव तर तुम्हाला माहीतच आहे. तर असा नऊवारी नेसून नायिका रंगवलेला नट एकदम देहूचा वाणी, विठ्ठलाचा वेडा भक्त म्हणून उभा करायचा! खुद्द प्रभातमध्येही या निवडीबद्दल शंका होती. पण शेवटी भूमिका त्यांनाच मिळाली. त्या माणसातला मऊपणाच शंका घेणाऱ्यांना खोट वाटत होता. पडद्यावर तोच मऊपणा तुकोबांचा होऊन आला. चेहऱ्यावर कुठे ‘बघा, मी संत आहे’ असा आव नाही. मान किंचित कललेली, आवाज स्वतःशीच बोलल्यासारखा. गाणीही स्वतः गायलेली, केशवराव भोळ्यांच्या संगीतात.

पुढचं माहीत असेल. मुंबईत एकाच चित्रपटगृहात हा सिनेमा वर्षाहून जास्त चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. मराठीचा गंध नसलेल्या लोकांनाही तो चेहरा कळला. आणि आपल्याकडे तर लोक पागनिसांना पाहून हात जोडत, असं सांगतात. पागनीस पुढे तुलसीदास झाले, नरसी भगत झाले, लोकांनी त्यांना भक्ताखेरीज दुसरं काही होऊच दिलं नाही म्हणा ना! ज्याला संताच्या वेशात बघायला लोक कचरत होते, त्याला नंतर दुसऱ्या वेशात बघायला कचरू लागले. लोकांच्या अपेक्षांचं हे असं असतं. त्या मोडाव्यात, तर त्या नव्या जागी जाऊन पुन्हा घट्ट बसतात.

याच सिनेमात बीज आणि झाडावरचा एक अभंग आहे, तुमच्या आजीला पाठ असेल. कित्येक जण तो तुकोबांचाच समजतात. तो तुकोबांचा नाही. प्रभातचे गीतकार शांताराम आठवले यांनी तो सिनेमासाठी लिहिला. विसाव्या शतकातल्या एका माणसाने तुकोबांच्या आवाजात बोलायचं सोंग घेतलं, आणि ते इतकं वठलं की लोक तो अभंग गाथेत शोधत बसतात. यात आठवल्यांनी कोणाला फसवलं का? तुकोबांच्या नावावर खपवायचा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना तुकोबांच्या इतकं जवळ जाऊन उभं राहावं लागलं की सावल्या एकमेकींत मिसळल्या.

खरं सांगू का, या सिनेमात माझा जीव मात्र तुकोबांपेक्षा आवलीत अडकतो. तिचं काम केलं गौरी नावाच्या बाईंनी. नाव-गाव असलेल्या नायिका नव्हेत, स्टुडिओत लहानसहान कामं करता करता कॅमेऱ्यासमोर आलेल्या. त्यांची आवली म्हशीशी बोलते, शेणात हात घालते, नवऱ्यावर खेकसते. पोर आजारी पडतं तेव्हा ती देवळात घुसते आणि हातात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारते. भक्तिपटातल्या बाईने असं करायचं असतं? संताच्या बायकोने तर मुळीच नाही. पण तिच्यात भक्तीचा अभिनय नाही, म्हणून मला वाटतं ती देवाच्या फार जवळ आहे. जो नाहीच त्याच्यावर कोणी वहाण उगारत नाही.

आणि त्याच सिनेमात सालोमालोही आहे. गावातला मानाचा माणूस. कपाळी गंध, अंगावर उपरणं, भोवती चाहते. तुकोबांचे अभंग तो स्वतःचे म्हणून गातो, त्यांना भडक चाली लावतो. बाह्य आचरण पाहिलं तर आवलीपेक्षा सालोमालोच पक्का धार्मिक! आजच्या श्लोकातला मिथ्याचार पडद्यावर बघायचा असेल तर तो इथे आहे. त्याची कर्मेंद्रियं देवळात बसलेली असतात आणि मन लोकांच्या तोंडावर, कोण वाहवा म्हणतंय, कोण तुकोबाकडे चाललंय.

आता गीतेकडे परत येऊ. हा श्लोक कोणाला सांगितलाय? अर्जुनाला. कधी? कुरुक्षेत्रावर, युद्धाच्या तोंडावर. मंडळी, इथे एक गोष्ट आपण पटकन विसरतो. त्याच्या थोडंच आधी या अर्जुनाने वर्षभर काय केलं होतं? अज्ञातवास! विराटपर्व उघडा. गांडीव शमीच्या झाडावर लपवून ठेवलेलं. केसांची वेणी, हातात कांकणं, नाव बृहन्नडा, आणि काम काय, तर विराटाच्या मुलीला, उत्तरेला नाच शिकवणं. धर्मराज कंक होऊन राजाशी फासे खेळतोय, भीम बल्लव होऊन पोळ्या लाटतोय म्हणा, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीचे केस विंचरतेय. सगळ्या महाभारतातला सगळ्यात लांबलेला नाट्यप्रयोग.

आणि भगवान या अर्जुनाला मिथ्याचाराबद्दल सांगताना त्या वर्षाचा एका शब्दानेही उल्लेख करत नाहीत. ‘तू वर्षभर खोटं वागलास’ असं ते म्हणत नाहीत. ते कशाकडे बोट दाखवतात? अर्जुन दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला म्हणाला होता की गुरूंना मारण्यापेक्षा भीक मागून जगलेलं बरं. भगवंतांना दिसत होतं, हा कमंडलू घेऊन झाडाखाली बसेल आणि मनात रोज दुर्योधनाचा गळा धरेल. नाचणारा बृहन्नडा त्यांना खटकला नाही, न लढणारा संन्यासी खटकला.

असं का? मला याचं उत्तर एका लहानशा प्रसंगात सापडतं. कौरव विराटाच्या गाई पळवायला येतात, राजपुत्र उत्तर बढाया मारत निघतो आणि सारथी म्हणून बृहन्नडेला घेतो. निघताना उत्तरा आपल्या नृत्यगुरूला काय सांगते? येताना त्या कौरववीरांची रंगीत वस्त्रं आण, माझ्या बाहुल्यांना हवीत. लहान मुलीचा हट्ट. पुढे उत्तर घाबरून रथातून उडी टाकून पळतो, अर्जुन त्याला धरून आणतो, शमीवरून गांडीव काढतो, आणि बृहन्नडा संपून जगाला पुन्हा अर्जुन दिसतो. एकटा सगळ्या कौरवसेनेला निष्प्रभ करतो. त्या सगळ्या धुमाळीत, समोर द्रोण, कृप, कर्ण शुद्ध हरपून पडलेले असताना, त्याला आठवतं की बाहुल्यांसाठी कापड न्यायचंय. तो उत्तराला पाठवून ती वस्त्रं काढून घ्यायला लावतो. वर सांगतो की भीष्मांच्या वाटेला जाऊ नकोस, ते शुद्धीवर आहेत! आणि नगरात परतल्यावर ती वस्त्रं उत्तरेच्या हाती पडतात.

सोंग तर संपलं होतं. अर्जुनाला आता बृहन्नडेचा शब्द पाळायची काय गरज होती? पण त्याने पाळला. पुढे विराटाने उत्तरेचा हात त्याला देऊ केला तेव्हा तो म्हणाला, ती मला गुरू मानते, पित्यासारखं मानते, मी तिला सून म्हणून स्वीकारतो. आणि अभिमन्यूशी तिचं लग्न लावून दिलं. वेश खोटा होता, पण त्या वेशात जडलेलं नातं त्याने खोटं ठरवलं नाही. ढोंगी माणूस काम झालं की वेश टाकतो आणि वेशातली माणसंही टाकतो.

याच अध्यायात थोडं पुढे, बाविसाव्या श्लोकापासून, भगवान स्वतःबद्दल बोलतात. तिन्ही लोकांत मला मिळवायचं असं काही उरलेलं नाही, तरी मी कर्म करतोच, कारण मी थांबलो तर माझं बघून लोक थांबतील. म्हणजे देवसुद्धा स्वतःसाठी गरज नसलेली कामं दुसऱ्यांसाठी करतो! दुसऱ्यासाठी केलेलं ते खोटं, हा हिशोब गीतेत कुठेच नाही. हल्ली एक सल्ला फार फिरतो की आव आणत राहा, एक दिवस आपोआप खरं होईल. मला तो पटत नाही. सालोमालोने जन्मभर आव आणला, काय खरं झालं? नुसत्या सवयीने कोणी तुकाराम होत नसतो.

मग त्या मुलाला मी काय सांगितलं? आधी एक प्रश्न विचारला. “हरिपाठ म्हणताना तुझ्या मनात काय चालू असतं?” तो विचार करून म्हणाला, “बाबा कुठे श्वास घ्यायचे ते आठवतो. एक ओळ मला त्यांच्यासारखी जमत नाही, तिथे लक्ष जातं. आणि आतून भांड्याचा आवाज येतोय का, ते ऐकतो. आवाज थांबला की कळतं, आई ऐकतेय.”

आता श्लोक परत वाचा. भगवान म्हणतात, मन विषयांचं स्मरण करत असेल तर तो मिथ्याचार. या मुलाचं मन कशाचं स्मरण करतंय? वडिलांच्या श्वासाचं आणि आईच्या कानांचं. ‘काहीच वाटत नाही’ म्हणणाऱ्याच्या मनात एवढं सगळं चाललंय! कोरडेपणा म्हणजे ढोंग, असं श्लोक म्हणत नाही. श्लोक कोरड्या माणसाबद्दल नाहीच, तो दुसरीकडेच रमलेल्या माणसाबद्दल आहे. मी त्याला सांगितलं, तू नट आहेस हे खरं. पागनीसही नट होते. वडिलांची भूमिका मिळालीय, ती नीट कर. जी ओळ जमत नाही तिचा सराव कर. देव आहे का, हा प्रश्न खिशात राहू दे. त्याची पावती संध्याकाळच्या आत कोणी मागितलेली नाही.

पण एका ठिकाणी मी त्याला अडवलं. बोलता बोलता तो म्हणाला की त्याच्या मावसबहिणीने त्याचा हरिपाठ म्हणतानाचा व्हिडिओ काढून टाकला, खूप लोकांनी हात जोडलेले इमोजी पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी तो नकळत इस्त्रीचा कुर्ता घालून बसला. हे तोच हसत सांगत होता. मी म्हटलं, बाबा रे, तुला ढोंगाची भीती वाटते ना, मग ती इथे वाटू दे. त्या दिवशी भांड्यांचा आवाज ऐकू आला का तुला?

तो गप्प झाला. मग म्हणाला, “नाही आला.”

तेराव्या अध्यायात अदंभित्व हा गुण येतो तेव्हा ज्ञानेश्वर माउली एकापाठोपाठ एक दाखले देतात. लोभी माणूस जीव गेला तरी पुरलेल्या धनाची जागा सांगत नाही, शेतकरी पेरलेलं बी मातीने झाकतो, तसा हा माणूस आपलं दानपुण्य झाकून ठेवतो. मला यातला शेतकरी फार आवडतो. लोभ्याने झाकलेलं जिथल्या तिथे राहतं, शेतकऱ्याने झाकलेलं उगवतं. उघड्यावर टाकलेलं बी पाखरं खातात, एवढं साधं आहे ते. वारीतले फोटो टाकू नका असं मी म्हणत नाही, मीही टाकते. पण रोजच्या साधनेतलं एखादं तरी काम असं असू द्या जे घरच्यांनाही नीटसं माहीत नाही.

तुम्हाला ऑफिसात हसावं लागतं, क्लायंटशी गोड बोलावं लागतं, म्हणून स्वतःला मिथ्याचारी म्हणून घेऊ नका. कोणी म्हणेल आयटीतली मुलगी आणि गळ्यात माळ? कोणी म्हणेल माळ घातलीस आणि जीन्स? पागनिसांनाही त्यांच्या साड्या आठवून हसणारे असतीलच. त्या हसण्याला उत्तर द्यायला जाऊ नका, त्यात फार वेळ जातो.

तो मुलगा परवा भेटला, मुकाई चौकात, हेल्मेट हातात. म्हणाला, व्हिडिओ काढून टाकायला सांगितलंय, आणि ती अडलेली ओळ अजून अडलेलीच आहे. आई मात्र आता स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसते.

उद्या सातवा श्लोक. सहाव्यात भगवंतांनी जे नको म्हटलं त्याची दुसरी बाजू त्यात येते, मनाने इंद्रियांना आवरून कर्माला लागणारा माणूस. दोन्ही श्लोक एकत्र वाचून या.

राम कृष्ण हरी.